पाऊस शंभर इंच, तरी ओल का राहत नाही?

(वैशाख १९८८ मध्ये मोखाडा भागातल्या प्लॉटधारकांच्या सभेत आम्ही पोरांनी मांडलेलं बोलणं. ज्या पाड्यांवरून लोक येऊ शकले नाहीत, तिथं कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं.)



गेल्या महिन्यात आपण टंचाईची कामं मागायला कचेरीत गेलो होतो. तिथं एका साहेबांनी वही उघडली आणि म्हणाले, तुमच्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जुन्या मापानं शंभर इंच. दुष्काळ तिकडं सोलापूर-नगरला असतो, तुम्हाला कसला दुष्काळ? आपल्याला भूक ठाऊक, हंड्याचा तळ ठाऊक, पण शंभर इंचाला काय उत्तर द्यायचं ते त्या वेळी कुणाला सुचलं नाही. त्यानंतर आम्ही जाणत्या लोकांना विचारलं, पाड्यांवर फिरलो, पहार घेऊन खड्डे खणून पाहिले. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

आधी सोलापूरचंच घेऊ. तिथं पाऊस वर्षाला २२ ते २५ इंच, म्हणजे आपल्या चौथाई. तरी तिथला शेतकरी पावसाच्या शेवटी शाळू पेरतो आणि थंडीत एकही सर न येता शाळवाचं पीक काढतो. ते पीक उभं राहतं जमिनीत मुरलेल्या ओलीवर. (त्यांना दुष्काळ नाही असं आम्ही म्हणत नाही. त्यांचे हाल वेगळे आहेत.) आणि आपल्याकडे शंभर इंच पडून दिवाळीनंतर माळावर हरभऱ्याचा दाणा टाकला तर तो उगवायलासुद्धा ओल सापडत नाही. साहेबांच्या वहीत आकाशातून पडलेलं पाणी लिहिलेलं असतं. जमिनीत किती राहिलं ते त्या वहीत कुठंच नाही.

माती ही पाण्याची कणगी आहे असं धरा. कणगी लहान असली की वरून कितीही भात ओता, मावेल तेवढंच मावतं, बाकी सांडून जातं. सोलापूरच्या काळ्या जमिनीत दोन हात खोल माती असली तर तिच्यात पिकाला घेता येईल असं पाच-सहा इंच पाणी साठतं. आपल्या माळावर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. त्या वीतभर मातीत पिकाच्या कामाचं पाणी राहतं जेमतेम एक इंच. ऊन पडलं की उभं पीक आणि मोकळी जमीन मिळून पाच-सहा दिवसांत इंचभर पाणी पिऊन टाकतात. हा हिशोब ढोबळ आहे. काठावर दोन दिवस इकडं-तिकडं होतील. पण त्यातून एक गोष्ट साफ होते. काळ्या जमिनीचा शेतकरी महिनाभर उघडीप झेलू शकतो, आपला माळ आठवडाभरसुद्धा झेलत नाही. आषाढात एका दिवसात आठ इंच पडो नाहीतर दहा, आपल्या कणगीत इंचभरच राहणार. उरलेलं नाल्यानं खाली जातं, जाताना माती घेऊन जातं, म्हणजे पुढच्या साली कणगी आणखी लहान.

म्हणून आपल्याला वर्षाचा पाऊस विचारूच नये. आपल्याला विचारावं की दोन पावसांमध्ये कोरडे दिवस किती गेले, आणि ते कोणत्या नक्षत्रात गेले. आर्द्रा-पुनर्वसूत उघडीप पडली तर आवण पिवळं पडतं आणि लावणी अडते. मघा-पूर्वात पडली तर माळावरची वरई आणि नागली थांबते. उत्तरा आणि हस्त कोरडे गेले तर भात निसवतं, पण दाणा भरत नाही, सगळं पोचट. वहीत त्या साली शंभर इंच लिहिलेलं असतं आणि घरात मार्गशीर्षातच कणगीचा तळ लागतो. मग माणसं वीटभट्टीला भिवंडी-वसईला जातात ती शिमग्यालाच दिसतात. पोरं बरोबर जातात, शाळेच्या पटावर त्यांचं नाव राहतं आणि पोर तिकडं माती तुडवत असतं.

आता हे नेहमीचंच होतं का? म्हातारे म्हणतात, नव्हतं. तरुणांना वाटतं, म्हाताऱ्यांना जुनं सगळं गोडच वाटतं. म्हणून आम्ही दोन ठिकाणी शोध घेतला. एक देशाच्या नोंदी आणि दुसरं आपले झरे.

देशाच्या पावसाच्या नोंदी शंभर वर्षांच्या वर आहेत. सगळ्या देशाचा पावसाळ्याचा पाऊस सरासरीपेक्षा शंभरात दहाहून कमी झाला की ते दुष्काळी साल धरतात. त्या नोंदी पाहिल्या तर १८९९, १९०५, १९११, १९१८, १९२० अशी वाईट सालं थोड्या-थोड्या अंतरानं आली. मग १९२१ ते १९६४ या ४४ वर्षांत मोठी दुष्काळी सालं दोनच, १९४१ आणि १९५१. आणि त्यानंतर बघा: १९६५, १९६६, १९६८, १९७२, १९७४, १९७९, १९८२, १९८६ आणि परवाचं १९८७. तेवीस वर्षांत निदान नऊ. १९७२ साली देशाचा पाऊस शंभरात २४ नं कमी होता, १९७९ आणि १९८७ साली १९ नं. आम्ही पोरं सगळी १९६५ च्या आगेमागे जन्मलो. आम्हाला वाटत होतं साल असंच असतं. आमच्या बापांनी चांगली चाळीस वर्षं पाहिली होती, म्हणून ते वेगळं बोलतात. दोघंही खरं बोलत होते.

म्हणजे पाऊस पाळीनं येतो. वाईट पाळी, चांगली पाळी, पुन्हा वाईट पाळी. कुणी म्हणेल, मग गप्प बसा, चांगली पाळी येईल. येईल, पाऊस सुधारेलही. पण १९१८ च्या वाईट सालात आपल्या डोंगरावर जे होतं ते आज नाही, आणि इथं झऱ्यांची गोष्ट येते.

प्रत्येक पाड्याला एक झरा नाहीतर डवरा आहे. तो कधी आटतो हे बायांना बरोबर माहीत असतं, कारण तो आटला की हंडा घेऊन त्यांनाच खालच्या ओहळापर्यंत जावं लागतं. आम्ही फिरलो त्या पाड्यांवर आज्यांना एकच विचारलं, तू लग्न होऊन आलीस तेव्हा झरा कधीपर्यंत होता? बहुतेकींनी सांगितलं, मृगापर्यंत. त्यांच्या सुनांनी सांगितलं, चैत्रापर्यंत. आजच्या पोरी सांगतात, शिमग्याच्या आधीच. कचेरीतला पर्जन्यमापक पाऊस मोजतो, आपला झरा डोंगरात किती मुरलं ते मोजतो. आणि मधल्या काळात चांगली सालंही येऊन गेली, त्या चांगल्या सालांतसुद्धा झरा मागे सरकतच राहिला. पाऊस एकटा कारण असता तर चांगल्या साली झरा परत मृगापर्यंत गेला असता.

डोंगराचं झालं काय ते सगळ्यांना माहीत आहे. इंग्रजानं रेल्वेसाठी आणि मुंबईच्या बांधकामासाठी लाकूड नेलं. कोळशाच्या भट्ट्या लागल्या. स्वराज्य आल्यावर कूप पडत राहिले, ठेकेदार आणि ट्रक येत राहिले. झाड गेलं की पाला गेला, पाला गेला की पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटतो, मातीची तोंडं बंद होतात आणि पाणी मुरायच्या ऐवजी पळतं. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. जायला चार-पाच पावसाळे पुरतात.

आम्ही मार्गशीर्षात तीन जागी खड्डे खणले ते सांगतो, कारण हे तुम्हीही करून पाहू शकता. एकच डोंगर, एकच पाऊस, मधलं अंतर हाकेवरचं. पहिला खड्डा उघड्या माळावर, बांध नसलेल्या प्लॉटात. वीतभर खणलं की पहार मुरमावर आपटली. माती पिठासारखी कोरडी. दुसरा त्याच उतारावर, पण एका म्हाताऱ्यानं वीस सालं दगड रचून घातलेल्या बांधाच्या आत. तिथं हातभर माती निघाली. वरची चार बोटं कोरडी, खाली मुठीत दाबली तर गोळा होत होता. त्या तुकड्यात वाल उभे होते, फुलं आलेली. तिसरा खड्डा देवाच्या रानात, जिथं आपण कुऱ्हाड लावत नाही. तिथं पाला बाजूला केला तर पाल्याखालीच ओल होती, माती काळी आणि गांडुळं. मग शेजारच्या निलगिरीच्या रोपवनातही गेलो. खाली गवत नाही, पाला वाळून कडकडीत, आणि जमीन माळासारखीच कोरडी. निलगिरीवर शहाण्या लोकांचे वाद चालू आहेत म्हणे. आम्ही जे पाहिलं तेवढंच सांगतो.

आता आपल्यावर जो आरोप होतो त्याचं बोलू. म्हणतात, आदिवासी डोंगर नांगरतो म्हणून माती जाते, म्हणून दुष्काळ पडतो, म्हणून त्याला प्लॉटवरून काढा आणि झाडं लावा. राबावरही बोट दाखवतात, पण राब जळतो तो आवणाच्या चार हात जागेत, त्यासाठी डोंगर कुणी भाजत नाही. तेव्हा राबाचं सोडा. उतारावर बांधाशिवाय नांगर फिरवला तर माती जाते, हे मात्र खरं आहे, आणि ते आपण नाकारू नये. प्रश्न असा की बांध का नाही? त्या म्हाताऱ्याच्या बांधाला वीस सालं लागली. दर साली दोन थर दगड, मागे गाळ भरला की आणखी एक थर. वीस सालांचं काम माणूस कोणत्या जमिनीत करतो? उद्या आपल्याच पोराकडे राहील अशा जमिनीत. आणि आपल्या जमिनीचं नाव काय, तर एकसाली. एका सालासाठी. पुढच्या साली मिळेल की नाही ते साहेबाच्या मर्जीवर. काही पाड्यांवर तर बांध घातला म्हणून दंड झाला, की बघा, यानं पक्कं अतिक्रमण केलं. दगड पाडून टाकायला लावले. आधी बांध घालू द्यायचा नाही आणि मग माती वाहिली म्हणून आपल्यालाच गुन्हेगार ठरवायचं, असं हे चाललंय.

शिवाय दुष्काळ मोजायची जी सरकारी रीत आहे, तिच्यात आपण बसतच नाही. पैसेवारी निघते ती गावाची. पन्नास पैशांच्या खाली आली तर टंचाई. गावाच्या खालच्या अंगाला ज्यांची खाचरं आहेत, त्यांच्या भाताला वरचं पाणी झिरपून येतं. त्यांचं पीक बरं आलं की सगळं गाव पन्नासच्या वर जातं आणि वर माळावरचा पाडा कागदावर सुखी होतो. सूट मिळते ती शेतसाऱ्यात, तीही सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. ज्याचं पीकपाहणीत नावच नाही त्याचं पीक बुडालं हे कुठं लिहिणार? १९७३-७४ पासून अवर्षणप्रवण भागासाठी केंद्राचा कार्यक्रम चालू आहे, बांधबंदिस्ती आणि पाणी अडवायची कामं त्यातून होतात. तो कमी पावसाच्या भागांसाठी. आपला पाऊस शंभर इंच, म्हणून आपण बाहेर. आणि आपल्याच खोऱ्यातलं पाणी मोडकसागरातून आणि अप्पर वैतरणेतून मुंबईला जातं. मुंबईनं पाणी पिऊ नये असं आमचं म्हणणं नाही. पण ज्या डोंगरावर ते पडतं तिथल्या बाईला फाल्गुनात हंडाभर मिळू नये, याचा जाब मागायला पाहिजे.

मग आपली मागणी काय? काही साथी म्हणतात, धान्य मागा, टँकर मागा. मागूच, यंदाची भूक यंदाच भागली पाहिजे. पण टँकरनं माती जाड होत नाही. आमचं म्हणणं असं की जमिनीची मागणी आणि दुष्काळाची मागणी या दोन वेगळ्या मागण्या धरू नयेत. आजवर आपण प्लॉट नावावर करा असं म्हटलं की ते म्हणतात जंगल वाचलं पाहिजे, आणि दुष्काळी कामं द्या म्हटलं की म्हणतात तुमच्याकडे पाऊस आहे. आपण दोन्ही एका अर्जात लिहू.

२७ डिसेंबर १९७८ चा शासनाचा निर्णय आहे. १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळात झालेली आणि त्या शेवटच्या दिवशी कसत असलेली अतिक्रमणं नियमित करायची, असं त्यात म्हटलंय. दहा सालं होत आली. १९८० साली केंद्राचा वनसंरक्षण कायदा आला, तेव्हापासून विचारायला गेलं की हात वर करतात, आता दिल्लीला विचारावं लागतं. पण आपली वहिवाट १९८० च्या आधीची आहे. पुरावा म्हणून दंडाची पावती मागतात. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती पत्र्याच्या डब्यात ठेवा, उंदरानं खाल्ली म्हणून प्लॉट गेला असं होऊ देऊ नका. ज्यांच्याकडून दंड म्हणून कोंबडी आणि तूप गेलं त्यांच्याकडे पावती कुठून असणार? त्यांच्यासाठी आम्ही म्हणतो की बांध बघा. बांधामागं साचलेली माती किती सालांची आहे ते जमीनच सांगते. बांधावरचं आंब्याचं, मोहाचं झाड किती सालांचं आहे ते बघा. पंचनामा करायला या आणि पहार घेऊन या. हा पुरावा मानतील का? लगेच मानणार नाहीत. पण मागायला आपण सुरुवात केली पाहिजे, कारण पावतीचा कागद त्यांनी लिहायचा होता आणि त्यांनीच लिहिला नाही.

अर्जात दुसरं लिहायचं ते रोजगार हमीचं. कायदा १९७७ चा आहे, काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं असं त्यात आहे. आपल्याला देतात काय, तर रस्त्याची खडी फोडायला, तीही पाड्यापासून दोन कोस लांब. आपण म्हणायचं, आमच्या प्लॉटांवर बांधबंदिस्ती आणि मजगी काढा. देशावर शेतकऱ्याच्या शेतात ही कामं होतात, मग आमच्या माळावर का नाही? मजुरीही आमच्या हाताला मिळेल आणि माती आमच्या डोंगरावर राहील. आणि कसलेल्या प्लॉटात रोपवनाचे चर खोदायला कुणी आलं तर गावानं एकत्र जाऊन थांबवायचं. भांडणाची भाषा करायची नाही, पण हलायचंही नाही. झाडं आपल्याला हवीच आहेत. ती माळाच्या माथ्यावर आणि बांधावर लावू, आणि आंबा, मोह, हिरडा, आपटा यांतली लावू.

यंदाच्या मृगाला अजून महिना आहे. सरकार येईल तेव्हा येईल, सावडीनं दोन-दोन बांध तरी आपण घालू शकतो. त्याची रीत सोपी आहे. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वरच्या टोकाला बांधून पाय फाकवायचे, मध्ये एक आडवी काठी, आणि वरच्या टोकाला दोरीनं दगड लटकवायचा. सपाट जागी ती उभी करून दोरी आडव्या काठीवर जिथं येते तिथं खूण करायची, मग पाय उलटसुलट ठेवून दुसरी खूण, आणि दोन्हींच्या मधोमध तिसरी. उतारावर एक पाय रोवून दुसरा वर-खाली हलवत दोरी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय सारख्या उंचीवर आहेत. असं चालत गेलं की बांधाची ओळ मिळते. डोळ्यानं अंदाज घेऊन घातलेला बांध एका बाजूला पाणी जमवतो आणि तिथंच फुटतो. दगडाचा पाया हातभर रुंद घ्या, मोठे दगड खाली. टोकाला जास्तीचं पाणी जायला सांडवा ठेवा, त्यात दगड पसरा. बांधावर तूर टाका, कडेला निरगुडी खोचा, तिला गुरं तोंड लावत नाहीत. पहिल्या साली फारसं काही दिसणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या साली बांधामागं चार बोटं गाळ आला की तिथं वाल टाकून बघा.

अर्ज लिहायचं काम आम्ही बारावीपर्यंत शिकलेली पोरं करू, अंगठे तुम्ही द्यायचे. येत्या बाजाराच्या दिवशी सगळ्यांनी वडाखाली जमायचं. दंडाच्या पावत्या, रेशनकार्ड, जुने अर्ज असतील ते आणावेत. प्रत्येक पाड्यानं आपला झरा यंदा कोणत्या तिथीला आटला ते ठरवून यावं, ते अर्जात लिहायचं आहे. म्हाताऱ्या बायांना नक्की आणा, त्यांच्याशिवाय ते लिहिता येणार नाही. आणि ज्यांच्याकडे पहार आहे त्यांनी ती आणावी, कचेरीतल्या साहेबांना माळावर येण्याचं आमंत्रण त्याच दिवशी द्यायचं ठरलंय.